भुरे केस

देवयानी मोरीच्या दारात उभी होती. हातात काळ्या कलपाची पुडी.

"मावशी, हे माझ्या डोक्याला लावून द्याल का?"

मी विळीवर भेंडी चिरत होते. आधी वाटलं, ऐकण्यातच काहीतरी चूक झाली.

"कुणी दिली ही?"

"मी घेतली. शाळेसमोरच्या दुकानातून. कसं लावायचं ते पुडीवर लिहिलंय, पण मागच्या बाजूला माझा हात पोचणार नाही."

"अगं, कलप म्हाताऱ्या माणसांनी लावायचा. तुझा एक तरी केस पिकलाय का?"

"पिकलेला नाही. भुरा आहे."

"मग?"

"मला काळे पाहिजेत. रविवारच्या आत."

वाण्याकडून साबण आणायचाय, अशा सुरात ती हे बोलत होती. तेरा वर्षांची होती, आठवीत. हट्ट करणारी मुलगी नव्हे. उलट ती काही मागत नाही याचीच मला कधी कधी काळजी वाटायची.

"कुणी चिडवतं का वर्गात?"

"हो," ती म्हणाली, पण जरा उशिराने. "मांजरी म्हणतात."

"मग मी येऊन भेटते तुझ्या मॅडमना."

"नको. भेटायचं नाही. फक्त हे लावून द्या."

मी पुडी तिच्या हातातून घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिली. बाबांना विचारू म्हटलं. ती आत गेली.

रविवारी आमच्याकडे श्राद्ध होतं. कुंदाचं. कुंदा म्हणजे देवयानीची आई, जयवंतची पहिली बायको. मी दुसरी. तिथी कुठल्याही वारी येवो, पाहुण्यांच्या सोयीने आमच्याकडे जवळचा रविवार धरत.

कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करायचे. तेव्हा त्या कामाला सोळा वर्षं झाली होती. कुंदाचं रक्त आठ महिने मीच काढलं. तिची पहिली स्लाईडही मीच पाहिली. ती आणि जयवंत बाहेर बाकावर बसले होते, तिच्या मांडीवर देवयानीचं दप्तर होतं, आणि डॉक्टर येऊन त्यांना आत बोलावेपर्यंतची वीस मिनिटं रक्ताच्या कॅन्सरची ती बातमी फक्त माझ्याजवळ होती. ती गेली तेव्हा देवयानी सात वर्षांची होती.

त्यानंतर तीन वर्षांनी कुंदाची आई लॅबमध्ये आली. तिला सगळे आक्का म्हणत. पाटणला तिची पिठाची गिरणी होती, नवरा गेल्यापासून ती एकटी चालवायची. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमचं लगीन झालेलं न्हाई म्हणं. माझ्या जावयाला बघा. पोरीला घरात बाई पायजे, आन् कुंदा लई नाव घ्यायची तुमचं."

मी चौतीस वर्षांची होते. दुसरं कुणी विचारायला येत नव्हतं. आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले. जयवंत एस.टी.च्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक होते. मितभाषी, सरळ माणूस. आमचं बरं चाललं होतं.

कुंदाचे केस भुरे होते आणि डोळे घारे. देवयानीने दोन्ही जसंच्या तसं उचललं होतं. उन्हात उभी राहिली की तिच्या वेणीचा रंग सुकलेल्या गवतासारखा दिसायचा. आक्का दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची, नातीला पुढ्यात बसवायची, डोक्यात वाटीभर तेल जिरवायची आणि तेल लावता लावता म्हणायची, "केसापासनं नखापतूर कुंदा. देवानं उचलून न्हेली आन् परत दिली बग." मग तिचे डोळे भरायचे. जयवंत पेपर उघडून बसायचे. मी चहा टाकायला उठायचे. आमच्या घरातला तो एक ठरलेला कार्यक्रमच होता.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. देवयानी ताटातल्या भाताला बोटांनी कड काढत बसली होती.

"काय म्हणते ही?" जयवंतनी मला विचारलं.

"केस काळे करायचे म्हणते."

"कशाला?"

"तिलाच विचारा."

"देवू, कशाला गं?"

"असंच."

"असंच म्हणून कुणी कलप लावतं का? तेरा वर्षांच्या पोरीने? आमच्या वर्कशॉपात एकाने लावला तर तोंड सुजून डोळे मिटले होते त्याचे. काही नाही. नाही म्हणजे नाही."

देवयानी उठली, ताट मोरीत ठेवलं आणि अभ्यासाला गेली. रडली नाही, पाय आपटले नाहीत. मला ते जास्त खटकलं.

मी भांडी आवरत होते तेव्हा जयवंत ओट्यापाशी आले. त्यांनी नळ बारीक केला.

"शैला, तिच्या अंगावर कुंदाचं तेवढंच आहे."

"ठीक आहे," मी म्हणाले.

मला ते पटलंच होतं. मुलीची शाळा, ताप, कपडे, पहिली पाळी, सगळं मी पाहिलं होतं आणि त्यात कुणी मला अडवलं नव्हतं. पण केस हे माझ्या अखत्यारीतलं प्रकरण नव्हे, एवढं मला कळत होतं. आक्काला काय वाटेल याचाही विचार मनात होता. तिनेच मला या घरात आणलं होतं. पुडी उद्या दुकानात परत द्यायची, असं ठरवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला देवयानी लॅबमध्ये आली. शाळेतून थेट, दप्तर पाठीवर. असं ती कधी येत नसे. त्या लॅबच्या दारातूनसुद्धा ती आत यायची नाही, मला काही द्यायचं असलं तर बाहेर औषधाच्या दुकानात ठेवून जायची. मी तीन पेशंटचं रक्त काढेपर्यंत ती बाकाच्या टोकावर बसून राहिली. शेवटचा माणूस दंडाशी कापूस धरून गेल्यावर ती आत आली, स्टुलावर बसली, गणवेशाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"माझं रक्त काढा."

"काय होतंय तुला? ताप आहे?"

"नाही."

"मग कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

ती टेबलावरच्या नळ्यांकडे पाहत होती. लाल टोपणाच्या, जांभळ्या टोपणाच्या. मग म्हणाली, "आईला झालं होतं ते."

मी दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर बसले.

"असं का वाटतं तुला?"

"मॅडमनी आनुवंशिकता शिकवली मागच्या आठवड्यात. मला उभं केलं वर्गात. म्हणाल्या, देवयानीचे केस आणि डोळे बघा, हे तिला आईकडून आलेत, आईवडिलांकडून मुलांकडे असंच सगळं येतं. मग एका मुलीने विचारलं, रोग पण येतात का? मॅडम म्हणाल्या, काही काही येतात."

"तुझ्या आईचा आजार तसा नव्हता. तो असा मुलांना येत नाही."

"तुम्हाला नक्की माहितीये?"

"डॉक्टरांना विचारू. ते पण हेच सांगतील."

"आक्का म्हणते केसापासून नखापर्यंत कुंदा. नखापर्यंत म्हणजे मधलं पण आलं ना सगळं?"

मी टेबलावरचा कापसाचा डबा बाजूला सारला.

"आक्का प्रेमाने म्हणते गं."

"मला माहितीये." तिने हात मागे घेतला नव्हता. "आणि तुम्ही पण बघता."

"मी काय बघते?"

"माझ्या पापण्या. खाली ओढून आतून बघता. मी जरा दमले की. जिभेला रंग आहे का बघता. नखं दाबून बघता. केस विंचरता विंचरता मानेला हात लावून गाठी बघता. आईचं पण असंच बघायचात तुम्ही. मला आठवतं. मी इथेच बसायचे, त्या वजनकाट्यावर."

ती सात वर्षांची असताना तिथे वजनकाट्यावर बसायची, ते मीही विसरले नव्हते. पण ती आमच्याकडे बघत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि तीन वर्षं मी तिच्या पापण्या तपासत होते हे खरं होतं. मला वाटायचं, मी ते सहज, तिच्या लक्षात येणार नाही असं करते. एकदा तिला टायफॉईडचा संशय होता तेव्हा कुंदाच्या आजाराची, डॉक्टरांनी न सांगितलेली एक तपासणी मी गुपचूप करून घेतली होती. म्हणजे आक्का तोंडाने म्हणत होती तेच मी बोटांनी म्हणत होते.

"आण हात," मी म्हणाले.

पट्टा बांधला, शीर पाहिली, सुई घातली. ती सुईकडे बघत राहिली. मी दोन एमएल रक्त घेतलं. पेशींच्या मोजण्या केल्या. मग काचेवर थेंब पसरला, वाळवला आणि त्यावर रंग ओतला.

"रक्ताला पण रंग लावावा लागतो?"

"लावल्याशिवाय पांढऱ्या पेशी दिसत नाहीत."

तिला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. शेजारी उभी राहून मी स्लाईड सरकवत गेले आणि काय दिसतंय ते सांगत गेले. या लाल. ही मोठी जांभळी, हिच्यात तीन तुकडे दिसतात ती पांढरी पेशी. अशा किती आहेत बघ. मोज. तिने मोजल्या. मी म्हणाले, "तुझ्या आईच्या स्लाईडवर या वेगळ्याच होत्या. मोठ्या, एकसारख्या, आणि जिकडे बघावं तिकडे त्याच. तुझ्यात तसली एकही नाही. मला सोळा वर्षांचा अनुभव आहे. मी खोटं सांगत नाही."

बराच वेळ ती डोळा लावून होती. मग सरळ बसली.

"बरं," म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली, आता वाटेत काहीतरी खाऊन घरी जाऊ म्हटलं. ती उठेना.

"कलप लावून द्याल?"

"अगं, आता कशाला? पाहिलंस ना?"

"कलप लावून आतलं बदलत नाही हे मला कळतं, मावशी. मी काय लहान नाही." ती दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत होती. "रविवारी सगळे येतात. सगळे माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, हुबेहूब कुंदा. आणि रडतात. मोठ्या मामी, सातारच्या आत्या, आक्का. माझ्या तोंडावरून हात फिरवतात. मला वाटतं मीच गेलेय, आणि मलाच बघायला आलेत सगळे."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. लॅब बंद आहे म्हणून मी आतूनच सांगितलं.

"बाबांना हे सांगितलंस का?"

"नाही. आणि तुम्ही पण सांगायचं नाही. आक्काला तर अजिबात नाही. आक्काला वाटेल माझ्यामुळे पोरगी घाबरली. ती बोलायचीच बंद होईल. शपथ घ्या."

मी शपथा घेत नाही. तिला तसं सांगितलं आणि म्हणाले, "पण सांगणार नाही."

हे बोलून झाल्यावर त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. कारण सांगायचं नाही, म्हणजे जे काही होईल ते माझ्या नावावर. दुसऱ्या बायकोने पहिलीची शेवटची खूण पुसली, असंच ते दिसणार. वेगळं दिसायला जागाच नव्हती. उमगलं तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. का ते आज विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. बहुधा त्या पापण्यांमुळे.

घरी गेल्यावर मी पुडी काढली, चिमूटभर पूड पाण्यात कालवली आणि तिच्या कानामागे रुपयाएवढा ठिपका लावला.

"दोन दिवस हे धुवायचं नाही. खाज आली, लाल झालं, सुजलं, तर मला लगेच सांगायचं. आणि तसं काही झालं तर कलपाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

शुक्रवारी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मी तिचा कान पाहिला. शनिवारीही पाहिला. काही झालं नव्हतं. खरं सांगायचं तर काहीतरी व्हावं, असं मला शुक्रवारभर वाटत होतं. थोडीशी लाली आली असती तरी मी सुटले असते.

शनिवारी जयवंत संध्याकाळी आठपर्यंत कामावर होते. पाच वाजता मी देवयानीला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसवलं. लॅबमधून आणलेले हातमोजे घातले. कपाळाच्या कडेने आणि कानांना व्हॅसलीन फासलं, खांद्यावर जुनं परकराचं कापड टाकलं. वाडग्यात कलप कालवला. केसांचे चार भाग केले आणि जुन्या टूथब्रशने मुळापासून लावायला सुरुवात केली.

तिचे केस दाट होते. लावायला पाऊण तास लागला. भुऱ्या केसांवर ती काळी लापशी चढत गेली तसं मधल्या भांगातलं कातडं जास्तच पांढरं दिसायला लागलं. वास उग्र होता. ती मान खाली घालून बसली होती आणि शाळेच्या सहलीबद्दल काहीतरी सांगत होती. कुणीतरी पन्हाळ्यावर डबा विसरलं होतं. मी हं हं करत होते. दोन्ही हातांत कुंदाचे केस आहेत, हे मला सबंध वेळ कळत होतं. कुंदाचे स्वतःचे केस शेवटच्या तीन महिन्यांत गळून गेले होते. तेव्हा ती डोक्याला निळा रुमाल बांधून लॅबला यायची.

धुतल्यावर पाणी बराच वेळ काळं येत राहिलं. केस वाळल्यावर काळेभोर दिसले, पण जिवंत नव्हेत. नाटकातल्या टोपासारखे. घारे डोळे त्याखाली उगाच मोठे वाटत होते. तिने आरशात पाहिलं.

"बरी दिसते?"

"नाही," मी म्हणाले. "पण वेगळी दिसतेस."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

जयवंत आले, चप्पल काढली, आत आले आणि जागीच थांबले. देवयानी पुस्तक उघडून बसली होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मी नको म्हणालो होतो."

"होय."

"मग का?"

"मला बरं वाटलं ते केलं."

"तुला बरं वाटलं," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मग जेवण नको म्हणून सांगितलं.

रविवारी अकरापासून माणसं यायला लागली. आधी साताऱ्याच्या आत्या, मग कुंदाचे दोन भाऊ आणि वहिन्या. प्रत्येक जण उंबरठ्यातून आत येऊन देवयानीला शोधायचा आणि ती सापडली की गोंधळायचा. तोंडाशी आलेलं वाक्य कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मोठ्या मामी तोंडावरून फिरवायला हात पुढे करून थांबल्या आणि म्हणाल्या, "केवढी उंच झालीस गं!" आत्यांनी विचारलं, कितवीत आहेस. सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा ते विचारलं होतं. धाकट्या मामांनी पुढे काय व्हायचंय म्हणून विचारलं, आणि तिने पशुवैद्य म्हणून सांगितलं. हे मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्याकडे मात्र कुणी फारसं बघत नव्हतं. मी वडे तळत होते. माजघरातून दबक्या आवाजात काहीबाही कानावर येत होतं. "सावत्र ती सावत्रच," असं कुणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा होता, पण मी तो लक्षात ठेवला नाही.

आक्का बाराच्या बसने आली. हातात पिठाची पिशवी. देवयानी पाया पडली तेव्हा तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. तिच्या हनुवटीचं कातडं हललं तेवढंच. पिशवी घेऊन ती सरळ स्वयंपाकघरात आली, ओट्यावर ठेवली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

"तू केलंस?"

"होय, आक्का."

"पोरीनं हट्ट धरला?"

मी झारा तेलातून वर काढला. "मी केलं."

"मी तुला या घरात आणलं, शैला. पोरीला सांभाळाय आणलं. माझ्या कुंदाला पुसाय न्हाई."

देवयानी दारात उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मग आक्काकडे. तिचं तोंड उघडलं होतं. मी तिला म्हणाले, "पानं मांडायला घे, देवू. सगळ्यांना भूक लागलीय." ती गेली. त्या वेळी ती बोलली नाही, याचा मला कधी राग आला नाही. तेराव्या वर्षी माणसाने किती बोलावं?

आक्का दोन घास खाऊन उठली आणि तीनच्या बसने परत गेली. तिला सोडायला जयवंत स्टँडवर गेले. पाहुणे अजून बसले होते, पान-सुपारी चालली होती, मोठे मामा उसाच्या तोडीबद्दल बोलत होते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा देवयानी तिथेच भिंतीकडेच्या सतरंजीवर झोपलेली दिसली. सहा वडे आणि दोन वाट्या खीर तिने खाल्ली होती. घर भरलेलं, सगळ्यांचे आवाज, आणि ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. त्या दिवशी तिच्याकडे बघून कुणी रडलं नव्हतं.

जयवंत माझ्याशी तीन आठवडे कामापुरतं बोलत होते. मग मोरीचा नळ गळायला लागला आणि त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं. केसांचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. दर दीड महिन्याने मी मुळांना कलप लावत राहिले आणि ते त्या वेळी बाहेर जात राहिले. बारा वर्षांनी, लग्न ठरल्यावर, देवयानीने त्यांना स्वतःच सगळं सांगितलं. ऐकून ते उठले, माझ्याजवळ आले आणि दूध तापवलंय का म्हणून विचारलं.

आक्का त्या रविवारनंतर आमच्याकडे आली नाही. पीठ पाठवायची, पाटणच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर. देवयानीही पाटणला जाईना. जा म्हटलं की अभ्यास आहे म्हणायची. दोघी एकमेकींना घाबरून होत्या असं मला वाटतं, पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

पाच वर्षांनी आक्काची किडनी बिघडली. दर मंगळवारी रक्त तपासायचं होतं आणि तिला बसचा प्रवास झेपेना, म्हणून मीच पाटणला जायला लागले. पहिले तीन मंगळवार ती नुसती हात पुढे करायची. गिरणी बंद होती. पट्ट्यावरचं पीठ मात्र तसंच होतं. चौथ्या मंगळवारी मी नळीला नाव चिकटवत असताना तिने विचारलं, "का केलंस गं ते?"

काय ते विचारायची गरज नव्हती.

"पोरगी हट्टाला पेटली होती, आक्का."

"तवा न्हाई म्हणालीस. आज हट्ट म्हणतीस. खोटं बोलतीस."

"होय."

"खरं काय?"

"ते माझं नाही सांगायचं."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. त्या आजारात तिचे डोळे फार आत गेले होते, पण नजर तशीच होती, गिऱ्हाइकाने धान्यात खडे घातलेत का बघणारी. मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"मंजी पोरीचं हाय," ती म्हणाली. "तिचं तिच्यापाशी असू दे. मी न्हाई विचारायची." थोड्या वेळाने पुन्हा बोलली. "तिला म्हणावं, म्हातारीला ते काळं केस कधी आवडलं न्हाईत. तरी यायचं सोडू नको म्हणावं."

मी घरी येऊन देवयानीला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिने ऐकून घेतलं. बुधवारी सकाळी कॉलेज बुडवून पहिल्या गाडीने पाटणला गेली.

संध्याकाळी अंधार पडता पडता परतली. हातपाय धुतले, जेवली. जेवताना सांगितलं की आक्काच्या घराचं मागचं पत्र्याचं छप्पर उचकटलंय आणि मामांना फोन करायला हवा. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता, खूप तेल, मानेवरून ओघळलेलं. तिने ते पुसलं नव्हतं.